ज्याचा बिल्ला, त्यानेच काढायचा

४ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे. सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, गादीची वळकटी आणि माझी हत्यारांची पेटी, जी धाकट्याने वाटभर कुरकुरत उचलली. पेटी तुझी आणि कंबर माझी, हा कुठला न्याय, असं त्याचं चाललं होतं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. मी डिझेल मेकॅनिक, तो गाड्यांचं वायरिंग करतो. आई-वडील गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. त्याचं लग्न व्हायचं राहिलंय आणि माझं राहूनच गेलं.

मालकीणबाईंनी स्वतः फाटक उघडलं, चहा पाजला आणि वर्कशॉप दाखवलं. सैन्याने वापरून मोडीत काढलेले मोठमोठे सहाचाकी ट्रक त्या लिलावात घेतात. इथे त्यांचं गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे काहीही होतं. कुणाला पाण्याचा टँकर हवा असतो, कुणाला क्रेन, कुणाला विहिरी खोदायची गाडी. अंगणात हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले ट्रक ओळीने उभे होते आणि प्रत्येकाचं बॉनेट उघडून बघावं असं मला झालं. धाकटा म्हणाला की मला अशी लाळ गळताना त्याने फक्त जेवणाच्या पंगतीत पाहिलंय.

राहायला स्टोअरच्या वर दोन खोल्या दिल्या आहेत. पंखा चालतो, नळाला पाणी आहे, खिडकीतून सगळं अंगण दिसतं. माणसाला आणखी काय लागतं.

६ मार्च, बुधवार

कामाला लागलो. इथे आम्ही धरून चारच माणसं. फोरमनकाका साठीचे, कमी बोलणारे, पण नट हाताने फिरवून बघून कुठल्या मापाचा ते सांगतात. वेल्डर म्हणजे कपाटाएवढा माणूस, आणि त्याला सगळे म्हणतात काडी. का ते विचारलं तर म्हणाला, लहानपणी बारीक होतो, मग नाव बदलायचं राहून गेलं.

फोरमनकाकांनी पहिल्याच सकाळी नियम सांगितला. दाराजवळ खिळे मारलेली एक फळी आहे. तिथे प्रत्येकाचा पत्र्याचा गोल बिल्ला टांगलेला असतो, त्यावर नाव कोरलेलं. गाडीखाली शिरायचं तर आपला बिल्ला त्या गाडीच्या स्टिअरिंगला अडकवायचा. तो तिथे असेतोवर कुणी चावी फिरवायची नाही, जॅकला हात लावायचा नाही. आणि ज्याचा बिल्ला, त्यानेच काढायचा. मालकीणबाईंनासुद्धा तो अधिकार नाही. असे नियम मी इतर ठिकाणीही पाहिलेत, पण तिथे ते भिंतीवर लिहिलेले असतात. इथे पाळतात. मला बरं वाटलं, कारण धाकटा कामात शिरला की त्याला जगाचं भान राहत नाही. दिवे लावायचं सैनिकी बटण खटका सोडवल्याशिवाय फिरत नाही, हे पाहून तो एवढा खूश झाला की जेवायला ओढून न्यावं लागलं.

९ मार्च, शनिवार

शेडच्या आतल्या कोपऱ्यात एक ट्रक उभा आहे. बाकी सगळ्यांपेक्षा चांगला. चासी सरळ, कुठे गंज नाही, पत्रासुद्धा ठोकलेला नाही. त्याच्यावर कुणी काम करत नाही. स्टिअरिंगला एक बिल्ला लटकतोय. त्यावर नाव नाही, कोराच आहे.

फोरमनकाकांना विचारलं, हा कुणाचा. ते म्हणाले, आहे एकाचा. काडीला विचारलं तर त्याने चेहऱ्यावर वेल्डिंगची ढाल ओढली आणि काम नसताना ठिणग्या पाडायला लागला. माझ्या मनात पाल चुकचुकली. धाकटा म्हणतो, तुझ्या मनात पालींचं आख्खं खटलं नांदतंय, एखादी चुकचुकणारच.

असेल. माझा स्वभाव संशयी आहे हे मी नाकारत नाही. कुणी चहात साखर घातली तरी मी आधी चमच्याकडे बघतो. पण गाड्यांच्या धंद्यात त्याचा फायदाच झालाय.

१३ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत तो कोपऱ्यातला ट्रक नीट बघितला. ज्या ट्रकवर कुणी काम करत नाही, त्याच्या प्रत्येक सांध्यात ताजं ग्रीस आहे. बोट लावलं, बोटाला आलं. टायरांत हवा पुरेपूर. ब्रेकच्या नळ्या नव्या. वाकून खाली पाहिलं, कुणी नव्हतं. शेडभर धूळ आहे, पण त्या गाडीखाली फरशीचा एक पट्टा लख्ख पुसल्यासारखा, साधारण आडवा माणूस मावेल एवढा.

मग संध्याकाळी काडीला रंगेहाथ पकडला. म्हणजे मला तसं वाटलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, त्या ट्रकच्या मागच्या चाकापाशी एक पाना ठेवला आणि मागे वळूनही न बघता निघाला. मी थोड्या वेळाने जाऊन बघतो तर पाना तिथे नव्हता.

आता चित्र स्पष्ट आहे. फोरमनकाका आणि काडी मिळून सगळ्यांत चांगला ट्रक गुपचूप तयार करतायत आणि मालकीणबाईंच्या पाठीमागे विकणार. कोरा बिल्ला म्हणजे सोयीचं बुजगावणं. नियमाच्या नावाखाली कुणी जवळ जायचं नाही.

धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला की दादा, नोकरी लागून दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत, पोलीस व्हायची घाई करू नकोस.

१६ मार्च, शनिवार

मालकीणबाईंकडे विषय काढला. एका गिऱ्हाइकाला ट्रकवर राहतं घर बांधून हवंय, पलंग, स्वयंपाकघर सगळं. मी म्हटलं, त्याला कोपऱ्यातल्या ट्रकची चासी अगदी योग्य आहे. बाईंनी कागद आवरायला घेतले. म्हणाल्या, तेवढा सोडून कुठलाही घ्या, फोरमन सांगतील. म्हणजे त्याही यात आहेत, किंवा त्यांना कुणीतरी घाबरवलंय. चोरी आपल्याच घरात होत असेल तर माणूस असं बोलत नाही. मला चैन पडेना.

१९ मार्च, मंगळवार

आज तो बिल्ला काढला.

दुपारी सगळे जेवायला बसले होते. मी आधी वाकून खाली पाहिलं, दोन्ही बाजूंनी. कुणी नाही. खाली कोण आहे, असं विचारलंसुद्धा. कुणी बोललं नाही. बिल्ला काढून खिशात टाकला आणि चावी फिरवली. इतके दिवस उभं असलेलं इंजिन पहिल्या फटक्याला सुरू झालं. ट्रक शेडबाहेर उन्हात आणून उभा केला. मागे वळून पाहिलं तर कोपऱ्यात काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि मला आपण जिंकल्यासारखं वाटलं.

फोरमनकाका जेवत्या हाताने धावत आले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी ओरडण्याआधी माणसं मोजली. काडी, धाकटा, मी. मग खाली बसले आणि हळू आवाजात सांगितलं. हा ट्रक लिलावातून आला तेव्हाच तो बिल्ला स्टिअरिंगला होता. काकांनी सवयीने विचारलं, खाली कोण. तर खालून उत्तर आलं, मी. वाकून पाहिलं तर कुणी नाही. पण नियम तो नियम, बिल्ला त्यांनी काढला नाही. अधूनमधून चाकामागून एक हात यायचा. पाना दिला की परत जायचा. एवढंच त्याचं मागणं. बाकी कुणाला त्रास नाही.

मी म्हटलं, असल्या गोष्टी सांगून मला गप्प करता येणार नाही, बिल्ला लावला म्हणून का तो माणूस होतो. तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच मला आवडलं नाही.

"बिल्ला त्याला वाचवायला नव्हता रे," ते म्हणाले. "तो कुठे आहे हे आम्हाला कळावं, म्हणून होता."

२१ मार्च, गुरुवार

मालकीणबाई म्हणाल्या, आता बाहेर काढलाच आहे तर घराचं काम त्याच ट्रकवर करा. फोरमनकाका त्याला हात लावणार नाहीत. काडीने नाइलाजाने चासीच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या लोखंडी पेट्या जोडल्या, अगदी खालपर्यंत. मागचे कमानपाटे काढून आम्ही हवेचे फुगे बसवले. हवा भरली की गाडी उंच होते, सोडली की खाली बसते, म्हणजे घरात चढायला सोपं. ते वर-खाली करायचं बटण धाकट्याने केबिनमध्ये बसवलं. फार सफाईने केलंय.

काकांनी नवा नियम केला आहे. एकट्याने कुठल्याच गाडीखाली जायचं नाही. खाली कोण असं विचारल्यावर नुसतं मी म्हणायचं नाही, नाव सांगायचं. मला अजूनही वाटतं की हे सगळं मला घाबरवायला चाललंय. तरी आज टँकरखाली शिरताना मी दोनदा बाजूला पाहिलं.

२३ मार्च, शनिवार

हे जसं झालं तसं लिहून ठेवतो.

धाकटा टँकरखाली होता. बिल्ला त्याचा, स्टिअरिंगला. मी बाहेर उभा राहून हत्यारं देत होतो. हात यायचा, मी पाना ठेवायचा, हात जायचा. तारा किती जुन्या आहेत, इन्सुलेशन कसं कडक झालंय, असं मी बोलत होतो. तो हं म्हणत होता. आणि धाकटा माझ्या मागून आला, खांद्यावर तारेचं भेंडोळं. तो भेंडोळं आणायला कधीच स्टोअरमध्ये गेला होता. बिल्ला काढायला विसरला. मला म्हणाला, कुणाशी बोलतोयस.

हात अजून बाहेर होता. तळवा वर करून. मग तो आत गेला.

मी धाकट्याला ओढत वर खोलीत आणला. तो हात त्याने पाहिला नाही. तो हसतोय.

२५ मार्च, सोमवार

ही नोकरी सोडायची, असं ठरवलं. धाकटा ऐकत नाही. म्हणतो, पहिल्यांदा कुठे मनासारखं काम मिळालंय, आणि तुला इथेही भुतं दिसायला लागली. आम्ही भांडलो. त्याला काही झालं तर मी कुणासाठी जगायचं, हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

आता मी कुणाहीकडे सरळ बघत नाही. आधी पाय बघतो. शेडमध्ये किती माणसं आणि किती पाय.

२६ मार्च, मंगळवार

फोरमनकाकांनी घराच्या त्या ट्रकखाली विचारलं, कोण. धाकट्याचं नाव आलं. धाकट्याच्या आवाजात. धाकटा माझ्या शेजारी उभा होता.

तो आता हसत नाही.

काका म्हणाले, त्याला नाव नव्हतं तेव्हा बरं होतं. मालकीणबाईंनी दोन दिवस सुट्टी दिली. गाड्या मिळेल त्या भावात विकून टाकते म्हणाल्या. निदान गुरुवारी गिऱ्हाईक ती एक गाडी घेऊन जाईपर्यंत थांबा.

२७ मार्च

धाकट्याने आज सांगितलं. सोमवारी दुपारी, भांडणानंतर, मी त्याला हाक मारली होती म्हणे. ट्रकखालून. दादा अडकलाय, ये. तो वाकला होता. शिरणार होता. तेवढ्यात काडीने त्याला कामाला बोलावलं.

मी हाक मारली नव्हती. मी तेव्हा वर खोलीत होतो.

त्याचे दोन्ही खांदे धरून सांगितलं. माझा आवाज आला तरी जायचं नाही. नाव घेतलं तरी नाही. चेहरा दिसला तरच मी. चेहरा दिसल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्याच्याकडून चारदा म्हणवून घेतलं. लहान पोरासारखं म्हणाला. मग दादा, तू पण तसंच कर, म्हणाला. हो म्हटलं.

उद्या गाडी जाईल. परवा आम्ही.

२८ मार्च. सकाळ

गिऱ्हाईक दुपारी येणार. धाकटा शेवटचं एकदा बटण तपासायला खाली गेला. मी नको म्हटलं. केबिनमध्येच बसणार आहे, खाली शिरणार नाही म्हणाला. खिडकीतून बघतोय. केबिनचं दार उघडं आहे. तो आत बसलेला दिसत —

दिसत नाही.

दुपार

पेन्सिलने लिहितोय, डायरी खिशातच राहिली होती. अक्षर वाईट येणार. हात फार हलवता येत नाही.

स्टिअरिंगला धाकट्याचा बिल्ला होता. फाटक बंद, काका नाहीत, काडी नाही. खालून तो कण्हत होता. पाय अडकलाय म्हणाला. मी नाव विचारलं. सांगितलं. चेहरा दाखव म्हटलं. तो म्हणाला, दादा, मान वळत नाही रे.

मान वळत नाही म्हणाला. मी काय करणार होतो.

तरी सवय. आधी माझा बिल्ला अडकवला त्याच्या बिल्ल्याशेजारी. मग मागून शिरलो. गाडी तेव्हा उंच होती.

खाली कुणी नाही. लख्ख पुसलेली फरशी. हवा सुटल्याचा आवाज झाला आणि गाडी खाली बसली. पूर्ण नाही. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे घराची पायरी. फटीतून फक्त हात जातो.

ओरडलो. बराच वेळ.

—

पाय आले. धाकट्याची चप्पल. तो स्टोअरमध्ये होता, फ्यूज आणायला. सुखरूप आहे. देवा, तो सुखरूप आहे.

त्याच्या शेजारी आणखी दोन पाय. माझे बूट. माझ्याच बुटांसारखे. मला माझे पाय इथून दिसत नाहीत.

मी धाकट्या म्हणून हाक मारली. नाव सांगितलं. माझं, त्याचं, आईचं. त्याने ऐकलं, तो थांबला. विचारतोय, दादा, खाली कोण बोलतंय.

माझ्याच आवाजात तो वर म्हणाला, "उत्तर देऊ नकोस. मी सांगितलं होतं ना. चेहरा बघ माझा."

आणि धाकट्याने बघितला असणार. कारण तो म्हणाला, "हो दादा."

—

बिल्ले काढतायत. आधी धाकट्याने त्याचा काढला. मग तो दुसरा म्हणाला, हा माझा आहे, मीच काढतो. नियमाने.

गाडी अजून थोडी वर आहे, बटण चालतं का बघ, पूर्ण खाली बसव, म्हणतोय. हसतोय. मी हसतो तसं.

चप्पल केबिनच्या पायरीवर. धाकटा केबिनमध्ये चढला.

डायरी फटीतून सरकवतो. धाकट्या, हे अक्षर बघ. शाळेच्या तुझ्या सगळ्या वह्यांवर नाव मीच घालायचो. तो मी नाही. हवा सुटतेय. तू पोरा काही चूक केली नाहीस, बटणाचं मनाला लावून घेऊ नकोस, पण त्याच्याबरोबर घरी जाऊ न